कॅम्परव्हॅनला फ्रिज: गॅसवाला की १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर?

बऱ्याच जणांचं इथेच अडतं. गॅसवाला म्हणजे अॅब्सॉर्प्शन फ्रिज, अमोनिया तापवून थंडी करतो, कॉम्प्रेसरच नाही त्यामुळे आवाज जवळपास शून्य, आणि सिलेंडर असला की बॅटरीची फारशी चिंता नाही. पण गाडी लेव्हलला उभी पाहिजे, तिरकी ठेवून तासन्तास चालवला तर कूलिंग युनिट कायमचं बाद होऊ शकतं आणि ते बदलणं स्वस्त नाही. थंड व्हायला कित्येक तास घेतो, कडक उन्हात तर रडतोच. बर्नरची काजळी, चिमणीतली कोळ्याची जाळी साफ करत बसा, शिवाय पेट्रोल भरताना ज्योत बंद हवी.

कॉम्प्रेसरवाला पटकन गार होतो, उतारावरही चालतो. देखभाल म्हणाल तर मागची धूळ झटका, पंख्याला हवा मिळतेय का बघा, बस्स. खर्च खरा बॅटरी आणि सोलरचा, छोटा फ्रिजसुद्धा चालू असताना साधारण ४०-६० वॅट खेचतो.

डीफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळून साचलेलं पाणी आणि दाराचं रबर सील मात्र दोन्ही फ्रिजमध्ये बघावंच लागतं.

विजेशिवाय एकाच जागी आठवडाभर मुक्काम असेल तर गॅसवाला घ्या. रोज गाडी हलणार, ऊन भरपूर, छतावर सोलर असेल तर कॉम्प्रेसरच.