इलस्ट्रिसटीएनजीची खुली विदा: वेधांशी तुलना करू पाहणाऱ्यांसाठी परीक्षण

एकच दीर्घिका अब्जावधी वर्षे वाढताना पाहणे कोणत्याही दुर्बिणीला शक्य नाही. निरनिराळ्या अंतरांवरच्या, म्हणून निरनिराळ्या काळांतल्या दीर्घिका पाहायच्या आणि त्यांची साखळी तर्काने जुळवायची, एवढेच निरीक्षकाच्या हाती असते. ही साखळी तपासून पाहण्यासाठी इलस्ट्रिसटीएनजी या, दीर्घिकांची जडणघडण संगणकावर साकारणाऱ्या सिम्युलेशन-प्रकल्पाच्या विदेइतकी सोयीची दुसरी सेवा माझ्या वापरात नाही. टीएनजी100 आणि टीएनजी300 या त्यातील दोन सिम्युलेशनांची विदा डिसेंबर 2018 मध्ये, तर अधिक सूक्ष्म विभेदनाच्या टीएनजी50 या तिसऱ्या सिम्युलेशनची 2021 मध्ये सर्वांना खुली झाली. नोंदणी विनामूल्य आहे.

प्रत्येक सिम्युलेशनचे 100 टप्पे, म्हणजे वेगवेगळ्या काळांतली क्षणचित्रे, जतन केलेले असल्याने आजच्या एखाद्या दीर्घिकेचा वंशवृक्ष धरून मागे जाता येते आणि तिच्यात कोण कधी विलीन झाले, ताऱ्यांची निर्मिती केव्हा मंदावली, हे थेट पाहता येते. टीएनजी100 चा एक पूर्ण टप्पा दीड टेराबाइटहून मोठा आहे. तरीही हवी ती एकच दीर्घिका वेगळी काढून उतरवता येते किंवा प्रकल्पाच्याच संगणकावर ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्येच संगणकीय आज्ञावली चालवण्याची सोय) उघडून काम करता येते. मोठी साठवणूक परवडत नसलेल्या विद्यार्थ्याला ही सोय फार मोलाची आहे.

तुलना करताना मात्र तक्त्यातील आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. वस्तुमाने हबल स्थिरांकाच्या, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर सांगणाऱ्या अंकाच्या, 0.6774 या गुणकासह दिलेली आहेत. त्याने भागायचे राहिले, तर वस्तुमान सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते. त्याहून अवघड प्रश्न दीर्घिकेची कड कोठे मानायची हा आहे. दीर्घिकासमूहाच्या केंद्रातील महाकाय दीर्घिकेच्या एकूण वस्तुमानात दूरवर पसरलेले तारेही धरलेले असतात, पण त्यांचा अंधूक प्रकाश प्रत्यक्ष छायाचित्रात आकाशाच्या पार्श्वभूमीत हरवतो. त्यामुळे निरीक्षकाने प्रकाश मोजताना जेवढे वर्तुळ (ॲपर्चर) वापरले तेवढेच, उदाहरणार्थ 30 किलोपार्सेक (सुमारे एक लाख प्रकाशवर्षे) त्रिज्येचे, सिम्युलेशनवरही लावावे.

आजच्या दीर्घिकांचे वस्तुमान-वितरण आणि विश्वातील तारानिर्मितीचा इतिहास यांच्याशी मेळ बसावा म्हणूनच सिम्युलेशनच्या प्रारूपातील बदलता येणाऱ्या राशींची मूल्ये निवडली गेली होती. तेव्हा तेथील जुळणी हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. दीर्घिकांचे रंग तसे वापरले नव्हते, आणि तरीही स्लोन या दुर्बिणीने केलेल्या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातील दीर्घिकांची लाल-निळी विभागणी टीएनजीमध्ये चांगली उतरते. मला ही जुळणी अधिक वजनदार वाटते.

नवख्यांनी तक्त्यातील ‘सबहॅलोफ्लॅग’ हा, वस्तू खरी दीर्घिका मानावी की नाही हे सांगणारा रकाना आधी पाहावा. तो शून्य असलेल्या वस्तू बहुधा मोठ्या दीर्घिकेच्या तबकडीतून सुटलेले गोळे असतात, आणि लहान दीर्घिकांची मोजणी करण्यापूर्वी त्या वगळायलाच हव्यात.