ॲक्यु-चेक इन्स्टंट: मधुमेही माणसाला ताप आल्यावर किती उपयोगी?

ॲक्यु-चेक इन्स्टंट म्हणजे घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं मशीन, ग्लुकोमीटर. रोजच्या तपासणीला ते चांगलंच आहे, पण त्याची खरी गरज तापात पडते. कोल्हापुरात पावसाची झड लागली की डेंग्यू, फ्लू, लेप्टो डोकं वर काढतात. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचायला आणि त्यांना गिळायला कमी पडतात. त्यात तापामुळे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढून साखर आणखी चढते, म्हणजे उपाशीपोटीसुद्धा आकडा 300 दिसू शकतो. नेमकं तेव्हाच "जेवलेच नाहीत" म्हणून घरचे इन्सुलिन बंद करतात. असं करू नका. डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.

0.6 मायक्रोलिटर रक्त पुरतं, चार सेकंदांच्या आत आकडा येतो. हात थरथरणाऱ्या आजारी माणसासाठी ही सोय मोठी. ताप असेपर्यंत दर चार तासांनी बघा, रात्रीसुद्धा.

रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या 4 ते 30 अंशांत ठेवायच्या, फ्रिजमध्ये नाही. आपल्याकडच्या दमट हवेत डबी उघडी राहिली की पट्ट्या बिघडल्याच समजा. बोटाला गुळाचा चिकटा असेल तर आकडा भलताच चढतो, आणि तो नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने जात नाही. साबणाने धुवा, कोरडं करा, बोटाच्या कडेला टोचा, पिळू नका.

आता उणिवा. डेंग्यूत रक्तातलं पाणी झिरपून रक्त घट्ट होतं, तेव्हा ग्लुकोमीटर साखर खरीपेक्षा कमी दाखवू शकतो. हातपाय गार पडले असतील तर बोटाच्या रक्तावर विसंबूच नका, शिरेतलं रक्त लॅबला द्या.

दुसरी उणीव जास्त धोक्याची: हे मशीन कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं, मोजत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर 200 च्या आत असूनही रक्तात आम्ल साचू शकतं. ताप आहे, जेवण जात नाही, तर ही गोळी थांबवायची का हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर आकडा कितीही बरा दिसो, सीपीआर (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

मशीनपेक्षा पट्ट्यांचा खर्च भारी. दिवसाला सहा म्हणजे पाच दिवसांच्या तापाला 30 लागतात, किटसोबतच्या पुरत नाहीत. पन्नासची डबी मृग लागायच्या आधी आणून ठेवा, एक्स्पायरी बघून.