छताचा सुटा दगड पाडायची पहार : उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचा अनुभव

खाणीतल्या ड्रेसिंगसाठी, म्हणजे छताचे आणि बाजूंचे सुटे दगड पाडायच्या कामासाठी, चांगली पहार कुठं मिळते असं सोबतचे फोरमन सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी कोल्हापूरचा. नोकरी भंडारा जिल्ह्यात, मँगनीजच्या भूमिगत खाणीत ठेकेदाराकडं. आमच्या टोळीच्या पहारी मी सुट्टीवर आलो की शिवाजी उद्यमनगरातून बनवून नेतो. वर्कशॉप छोटं, पाटीसुद्धा नाही. गुऱ्हाळाच्या चरकाचे भाग आणि शेतीची अवजारं हे त्यांचं रोजचं काम. पण मिस्त्री ऐकून घेतात, आणि मला तेच हवं होतं.

मी ऑर्डर द्यायला गेलो तेव्हा त्यांनी आधी किंमत सांगितली नाही. "छत किती उंच असतंय?" हे विचारलं. या कामातला खरा प्रश्न तोच आहे. पहार आखूड असली की माणूस बरोबर दगडाखाली येतो, आणि सुटलेला दगड पहारीवरून घसरत थेट हातावर उतरतो. उभं राहायचं बोल्ट मारलेल्या (खडकात भोक पाडून लोखंडी सळ्या बसवलेल्या), तपासलेल्या छताखाली आणि पहार पुढं तिरकी धरायची. तिचं मागचं टोक पोटासमोर येऊ द्यायचं नाही, अंगाच्या बाजूला ठेवायचं. दगडाचा झटका बसला तर तेच टोक पोटात घुसतं. त्यामुळं एकाच मापात भागत नाही. मी ६, ८ आणि १० फुटी अशा तिन्ही घेतल्या.

ब्लास्टिंगचा धूर निघून गेला की आम्ही छत आणि बाजू पाण्यानं धुतो, भेगा उघड्या पडतात. मग ठोकत पुढं जायचं. घट्ट खडक खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. आमच्याकडं हँगिंग वॉलला, म्हणजे खनिजाच्या थराच्या वरच्या बाजूला, अभ्रकी शिस्ट आहे, पापुद्र्यांचा खडक. दिसायला अखंड, पण आत थर सुटलेले. एक मीटर लांब-रुंद आणि १० सेंटिमीटर जाडीचा पापुद्रा धरला तरी वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास जातं. तिथं हेल्मेट काय करणार? नवीन पोरांना वाटतं, रूफ बोल्ट मारले की काम झालं. बोल्ट थर एकमेकांना बांधून ठेवतो, पण दोन बोल्टांच्या मधला सुटा तुकडा त्याच्या हाती लागत नाही. तो पहारीनंच पाडायचा, आणि बोल्ट मारणारा पुढं जायच्या आधी.

आता वजनाचं. २५ मिलिमीटरचा भरीव लोखंडी रॉड मीटरला ३.८५ किलो भरतो, म्हणजे ८ फुटी पहार सव्वानऊ किलोच्या पुढं. ती डोक्यावर धरून शिफ्टभर ठोकणारा माणूस थकतो, आणि थकलेला माणूस "बघू नंतर" म्हणून एखादा बद्द आवाज सोडून देतो. माझ्या मते अपघाताची सुरुवात तिथं होते. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमच्या पाइपाला दोन्हीकडं पोलादी टोकं बसवून दिली, एक सरळ छिनीसारखं, दुसरं थोडं वाकवलेलं. वजन निम्म्याहूनही कमी झालं. आमच्या ड्रेसरनं हातात घेतली आणि जुनी पहार परत उचलली नाही.

टोकं ट्रकच्या कमानीच्या पाट्यांची आहेत. त्यांना पाणी देण्यात, म्हणजे तापवून विझवून कडक करण्यात, मिस्त्रींचा हात बसलेला आहे. पाणी जास्त चढलं तर टोकाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते, कमी पडलं तर टोक लगेच बोथट होतं. यांची टोकं झिजतात, पण फुटलेली मी पाहिली नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी. ॲल्युमिनियमला पोलाद साध्या वेल्डिंगनं जोडता येत नाही, म्हणून टोक पाइपात ठोकून पिन मारतात. पहिल्या खेपेच्या पहारींना एकच पिन होती. ती ढिली होऊन एका पहारीचं टोक हलायला लागलं. हे चालणार नाही, कारण टोक हललं की ठोकल्याचा आवाज बदलतो आणि घट्ट दगडही बद्द वाटायला लागतो. मी पहारी परत आणल्या. मिस्त्रींनी वाद न घालता आडव्या-उभ्या दोन पिना मारून दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर तक्रार नाही. हातावर दगडाची कच घसरू नये म्हणून लावलेली रबरी चकती मात्र अजूनही सरकते. तिथं त्यांनी क्लिप बसवायला हवी.

कोळशाच्या खाणीतल्या मित्रांनी ही ॲल्युमिनियमची पहार अजिबात नेऊ नये. गंजलेल्या लोखंडावर ॲल्युमिनियम आपटलं की पडणारी ठिणगी कोळशाच्या खाणीतला मिथेन वायू पेटवू शकते. त्यांनी पोलादी पाइपाची मागावी, थोडी जड होईल पण तीच घ्यावी. मिस्त्री तीही करून देतात, फक्त कोळशाची खाण आहे हे आधी सांगा.

किंमत बाजारातल्या साध्या पहारीच्या दुप्पट पडते. ठेकेदारानं कुरकुर केली, तरी मी पैसे सोडवून घेतले. ऑर्डर देताना छताची उंची, खडक कसला आणि पहार धरणाऱ्याची उंची एवढं लिहून न्या, आणि प्रत्येक पहारीमागं एक जादा टोक मागून घ्या. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यांच्याकडं चरकाच्या दुरुस्तीची गर्दी असते, त्यामुळं दिवाळीच्या आधीच जा.