बॅकअपला घेतलेला सेकंडहँड निकॉन डी७२००, एक अख्खा लग्नसीझन वापरून झाल्यावर

लग्नाची कामं घेतोय तर दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) पाहिजेच हे मला आधीपासून कळत होतं, पण पुढच्या सीझनला बघू पुढच्या सीझनला बघू करत तीन वर्षं गेली. मग गेल्या वैशाखात एका कार्यालयात माझा नेहमीचा कॅमेरा, निकॉन डी७५०, ट्रायपॉडवर लावून ठेवलेला, पाहुण्यांचं एक पोरगं पळत आलं, पाय अडकला आणि सगळं फरशीवर. पोराला काही लागलं नाही हे देवाचीच कृपा, पण लेन्स माउंटपाशी वाकली आणि बॉडी बंद पडली. मुहूर्ताला पाऊण तास. एका मित्रानं त्याचा कॅमेरा पाठवला, वेगळ्या कंपनीचा, चांगलाच होता, पण झूमची रिंग उलटी फिरायची आणि फोकस पॉइंट कशानं हलवायचा ते सापडेपर्यंत शेवटचं मंगलाष्टक चालू झालं. अंतरपाट बाजूला होतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात ते दोन-तीन सेकंदांचं काम असतं, ते परत करा असं कुणाला सांगता येत नाही. माझ्याकडे त्या वेळचा एकच फोटो आहे आणि त्यात फोकस मामाच्या खांद्यावर आहे. नवरीच्या आईच्या हातात अल्बम देताना मला फार वाईट वाटलं.

म्हणून बॅकअप बघायला लागलो तेव्हा एक गोष्ट पक्की केली, मेगापिक्सेल वगैरे नंतर, आधी हात न बघता चालला पाहिजे. बॅटरी तीच, कार्ड तेच, फ्लॅश तोच, बटणं जवळपास त्याच जागी. डी७२०० मध्ये हे सगळं जमतं. दोन्हीला ईएन-ईएल१५ बॅटरी, दोन्हीला दोन एसडी कार्डांची सोय, डायलवर यू१ यू२, म्हणजे आपलं सेटिंग साठवायच्या जागा, दोन्हीकडे, मी यू१ ला हॉलमधलं सेटिंग आणि यू२ ला बाहेरचं असं दोन्ही बॉडीत सारखंच भरून ठेवलंय. एका बॅगेत चार बॅटऱ्या आणि एकच चार्जर, काम संपलं.

बाकीचे पर्यायही बघितले. दुसरा डी७५०च घेणं सगळ्यात बरं पण बजेट नव्हतं. डी७५०० नवा आहे, २०१७ चा, स्क्रीन उघडते, पण कार्डाचा स्लॉट एकच, आणि लग्नात मी एका कार्डावर विश्वास ठेवत नाही. निकॉनच्याच मिररलेस झेड६ ला पण एकच. शिवाय माझ्याकडे जुनी ८०-२०० एफ२.८ डी लेन्स आहे, तिला फोकसची मोटर बॉडीतच लागते, झेड६ ला निकॉनचा अॅडॅप्टर लावून ती बसते पण ऑटोफोकस होत नाही, डी५६०० वर पण होत नाही. डी७२०० मध्ये ती मोटर आहे. क्रॉप सेन्सर, म्हणजे डी७५० पेक्षा लहान सेन्सर, असल्यामुळे तीच लेन्स १२०-३०० सारखी वागते, म्हणजे स्टेजपासून लांब खुर्च्यांच्या मागे उभं राहूनसुद्धा चेहरे मिळतात, आणि फोकस पॉइंट ५१च असले तरी फ्रेमच्या कडेपर्यंत पसरलेत, डी७५० चे मधेच गोळा झालेत. हे वापरायला लागल्यावर फार आवडलं. आता डी७५० वर २४-१२० आणि यावर ती मोठी लेन्स, दोन्ही अंगावर. अक्षतांचा मारा, होमाचा धूर, हळदीची पूड उडतीये आणि त्यात लेन्स काढून बदलायची वेळच येत नाही. सेन्सर साफ करायचं काम निम्म्यावर आलं असेल.

आता कमी काय ते पण सांगतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० च्या वर गेलं की सावलीत दाणा दिसायला लागतो, डी७५० वर मी ६४०० बिनधास्त वापरतो, यावर नाही. रात्रीच्या वरातीला याला फ्लॅश लागतोच. स्क्रीन उघडत नाही त्यामुळे पंगतीत खालून फोटो घ्यायचा तर गुडघे टेकावे लागतात. हायलाइटचं मीटरिंग, म्हणजे उजळ भाग उडू नये असा प्रकाश मोजणं, डी७५० मध्ये आहे ते यात नाही, स्टेजवर एलईडीचा झोत असला की नवरीचं कपाळ उडतं, मी आता अर्धा स्टॉप खालीच ठेवतो.

बॉडी मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून घेतली, ३२ हजारांना, जुन्या मालकाच्या मूळ बिलासकट. बिल नसेल तर कितीही स्वस्त देऊ दे, घेऊ नका. शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत काढलेल्या फोटोंचा आकडा, ४१ हजार होता, कंपनी १ लाख ५० हजारांचं टेस्टिंग सांगते म्हणजे पुष्कळ आयुष्य शिल्लक आहे. दुकानातच एफ१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग बघितले, कॅप लावून लाँग एक्स्पोजर घेऊन पेटलेले पिक्सेल बघितले, दोन्ही स्लॉटमध्ये स्वतःची कार्डं घालून बघितली, ८०-२०० लावून फोकस जवळ-लांब पळवला. अर्धा तास लागला, दुकानदार पण शांतपणे उभा होता, चहा पाजला.

घरी आल्यावर सगळ्यात आधी दोन्ही बॉडीची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवा. पहिल्या कामाला मी विसरलो आणि डी७२०० चार मिनिटं पुढे, कॉम्प्युटरवर वेळेनं लावले तर मंगळसूत्राच्या आधीच सप्तपदी दिसायला लागली, सहाशे फोटो हातानं सरळ केले. फाइलच्या नावातली डीएससी ही तीन अक्षरं पण मेनूमधून एका बॉडीला बदलून घ्या, नाहीतर एकाच नावाच्या दोन फाइली होतात आणि कॉपी करताना एक दुसरीवर बसते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर दोघांचा सारखा येत नाही, हॉलमध्ये मी केल्विनचा (प्रकाशाच्या रंगाचा) आकडा दोन्हीकडे एकच घालतो.

बॅटरी ग्रिप (बॉडीखाली लावायची जादा बॅटरीची मूठ) असेल तुमच्याकडे तर तेवढं लक्षात ठेवा, डी७५० ची एमबी-डी१६ याला बसत नाही, याला एमबी-डी१५ लागते. मी घेतली नाही, ८०-२०० लावल्यावर खांद्यावर आधीच दोन किलोचं वजन होतं.