परदेश प्रवासात व्हेपऐवजी निकोटीन गम: नांदेड ते बँकॉक वापरून केलेले परीक्षण

धूम्रपानाची किंवा व्हेपची, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटची, सवय असलेल्या माणसाने परदेशात निघताना मेडिकलमध्ये मिळणारी २ मिलिग्रॅमची निकोटीन गम, म्हणजे तंबाखूची तलफ आवरणारी औषधी च्युइंगम, सोबत न्यावी का, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. नांदेडहून हैदराबादमार्गे बँकॉकला जाताना आणि परत येताना मी ती वापरली. माझे मत आधीच सांगतो. गमने सिगारेटचे किंवा व्हेपचे सुख मिळत नाही, पण तलफ आवरते. आणि भारतातून निघणाऱ्या प्रवाशाला कायद्याच्या भीतीविना जवळ बाळगता येईल अशी सोय म्हणून मला तीच सर्वांत योग्य वाटली.

प्रवास ठरला तेव्हा दुबईत नोकरीला असलेल्या माझ्या मेहुण्याने मोठ्या आपुलकीने सुचवले होते, "दाजी, सिगारेटचं सोडा, मी तुमच्यासाठी एक व्हेप पाठवून देतो. धूर नाही, वास नाही, विमानतळावर कुणी विचारतसुद्धा नाही." तो जिथे राहतो तिथे हे वावगे नाही, कारण संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून या उपकरणांची विक्री कायदेशीर आहे. आपल्या देशात मात्र त्याच वर्षी नेमके उलट घडले. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला, वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला आणि ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. साठवणुकीसाठी वेगळी शिक्षा आहे, ती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे परदेशात रीतसर विकत घेतलेले उपकरण परतताना सामानात सापडले, तरी "स्वतःपुरते आणले आहे" हे उत्तर सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे टिकत नाही.

उतरण्याच्या ठिकाणचा कायदा बघितला तर आपल्याकडचे लोक हौसेने जातात त्या बऱ्याच देशांत हीच गत आहे. थायलंडने ई-सिगारेटची आयात २०१४ पासून बंद केली आहे आणि ती जवळ सापडल्यास मोठा दंडच नव्हे, तुरुंगवासही होऊ शकतो. बँकॉकच्या रस्त्यावर कुणाच्या हातात व्हेप दिसला म्हणून तो परवानगीचा आहे असे कुणी समजू नये. सिंगापुरात १ फेब्रुवारी २०१८ पासून व्हेप नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. मालदीवने २०२४ च्या अखेरीस आणि व्हिएतनामने २०२५ च्या आरंभापासून बंदी घातली. ब्रिटनमध्ये व्हेप चालतो, परंतु एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री तिथेही १ जून २०२५ पासून बंद झाली आहे. एकाच सहलीत दोन-तीन देश करणाऱ्यांनी यातला प्रत्येक कायदा लक्षात ठेवायचा आणि शेवटी मुंबई किंवा हैदराबादला उतरताना आपला कायदा पुन्हा आठवायचा, हे साध्या माणसाला झेपणारे नाही.

विमानाचा नियम आणखी वेगळा. जिथे व्हेप कायदेशीर आहे तिथेही तो चेक-इन सामानात टाकता येत नाही, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर मालकक्षातली आग वेळेवर कुणाच्या लक्षात येत नाही. तो हातातल्या सामानातच ठेवावा लागतो आणि विमानात ओढणे वा चार्ज करणे, दोन्ही मना आहे. म्हणजे ज्या चार-पाच तासांत माणसाला त्याची सर्वाधिक गरज भासते, नेमक्या त्याच तासांत तो निरुपयोगी ठरतो. गमचे खरे मोल इथे कळते.

आता गमविषयी. सिगारेटमधले निकोटीन फुप्फुसांवाटे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. गममधले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू रक्तात उतरते आणि त्याचा पूर्ण परिणाम जाणवायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून तलफ आल्यावर गम शोधणारा माणूस निराश होतो. तलफ येण्याच्या वेळेआधी ती तोंडात टाकणाऱ्याचे काम होते. मी सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभा राहतानाच एक घेत असे, त्यामुळे विमानाचे दार बंद होईपर्यंत मन शांत झालेले असे. विमान वर चढताना कानाला दडे बसतात, त्यालाही चघळण्याने आराम पडतो, हा एक जास्तीचा लाभ.

ती खाण्याची रीत पाकिटावर छापलेली असते, पण लहान अक्षरांत, आणि बहुतेक लोक साध्या च्युइंगमसारखी ती सलग चघळत सुटतात. मग निकोटीन एकदम सुटून लाळेबरोबर पोटात जाते, घशात आग होते, उचक्या लागतात, मळमळते आणि "ही गोळी काही कामाची नाही" असा निकाल दिला जातो. मराठवाड्यातल्या माणसाला खरी रीत समजावणे सोपे आहे: तंबाखूचा बार जसा गालात धरून ठेवतात, तशीच ही धरायची. आधी सावकाश दहा-पंधरा वेळा चावायची, मिरमिर जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सरकवायची, मिरमिर ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायची. अर्ध्या तासात तिचा जोर संपतो. पिंक टाकण्याचा प्रश्नच नसतो, आणि आपल्याकडच्या प्रवाशासाठी परक्या देशात ही फार मोठी गोष्ट आहे.

एक पथ्य कडक आहे आणि ते पाळणे मला सर्वांत जड गेले. गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटे कॉफी, फळांचा रस किंवा शीतपेय घ्यायचे नाही, कारण आंबटपणामुळे तोंडातून निकोटीन शोषले जाण्याचे प्रमाण घटते. देगलूरमार्गे हैदराबादला जाताना वाटेत गाडी धाब्यावर थांबते, चहा समोर येतो आणि चहामागोमाग सिगारेट ही वर्षानुवर्षांची सवय जागी होते. तिथे मी आधी चहा संपवला, साध्या पाण्याने चूळ भरली, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग गम घेतली. विमानात तर रसाचे पेले समोर फिरतच असतात. तेव्हाही पाणीच मागावे.

चवीबद्दल बोलायचे तर पुदिन्याचा थर पहिली एक-दोन मिनिटे टिकतो आणि त्याखालून तिखट, किंचित कडवट चव वर येते. ती कुणाला आवडेल असे मला वाटत नाही, आणि आवडू नये हेच बरे. गम साध्या च्युइंगमपेक्षा घट्ट असते. ज्यांना कवळी आहे त्यांना ती चिकटते, त्यांनी दुसरा पर्याय पाहावा. व्हेपमध्ये हाताला आणि ओठांना जो चाळा मिळतो तो इथे मिळत नाही, आणि पहिल्या दिवशी ही उणीव चांगलीच जाणवते. बँकॉकच्या मुक्कामात दुसऱ्या दिवसापासून ती बरीच कमी झाली. हा माझा अनुभव आहे, तुमचा थोडा वेगळा असू शकेल.

सिंगापूर सहलीत असेल तर एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. तिथे १९९२ पासून च्युइंगमवरच बंदी आहे. २००४ मध्ये उपचारासाठीच्या गमला सवलत मिळाली, पण ती तिथल्या फार्मासिस्टकडून, नाव नोंदवून विकली जाते. त्यामुळे गमची पाकिटे भरून तिथे उतरण्यापेक्षा दंडावर चिकटवायचा निकोटीन पॅच डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच ठरवून घ्यावा. पॅचमधून निकोटीन दिवसभर संथपणे मिळत राहते, मात्र अचानक उसळलेल्या तलफेला तो गमइतका उपयोगी पडत नाही.

ज्याला निकोटीनची सवयच नाही त्याने कुतूहल म्हणूनही ही गम तोंडात टाकू नये. गरोदर स्त्रियांनी, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. लहान मुले बरोबर असतील तर पाकीट त्यांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. दिसायला ती खाऊसारखीच असते. दिवसाला जास्तीत जास्त चोवीस ही मर्यादा आहे, पण प्रवासात तिथपर्यंत जाण्याची वेळ येऊ नये. परतल्यावर सवय कायमची सोडावीशी वाटली तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा निःशुल्क आहे.

२ मिलिग्रॅमची गम चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्यांना पहिली सिगारेट लागते त्यांना २ मिलिग्रॅमची गम बहुधा कमी पडेल, म्हणून त्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांची भेट घ्यावी. नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत ती सहज मिळते, तालुक्याच्या गावी मात्र एक-दोन दिवस आधी सांगून मागवलेली बरी. सुट्या गोळ्या खिशात टाकण्याऐवजी नाव व मात्रा छापलेले मूळ पाकीट बिलासह हातातल्या सामानात ठेवावे, म्हणजे कुठल्याही विमानतळावर कुणी विचारले तर ते काढून दाखवता येते.