झिम्स : बंदिवासातील प्राण्यांची जागतिक नोंदवही आणि तिच्यातील कोरे रकाने

बंदिवासातील वन्य प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याची खरी अडचण ही असते की, तुलना करण्यासाठी त्याच्याकडे पुरेसे रुग्णच नसतात. ज्याच्या देखरेखीखाली एखाद-दुसराच चित्ता आहे, त्याला रक्ताच्या अहवालातील क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडे बाहेर टाकत असलेल्या टाकाऊ घटकाचा) आकडा त्या जातीत नेहमी आढळणारा आहे की मूत्रपिंडाच्या विकाराची ती पहिली खूण आहे, हे केवळ स्वतःच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. प्राणिसंग्रहालयांसाठीची ‘झिम्स’ ही नोंदप्रणाली या अडचणीवरचा आजवरचा सर्वांत उपयुक्त उपाय आहे, असे माझे मत आहे. मात्र ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे वापरणाऱ्याने आधीच समजून घेतले पाहिजे.

ही प्रणाली ‘स्पीशीज ३६०’ ही ना-नफा संस्था चालवते. युलिसिस सील आणि डेल मॅकी यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तिची सुरुवात केली आणि २०१६ पर्यंत ती ‘आयसिस’ या नावाने ओळखली जात होती. पूर्वी प्रत्येक संग्रहालय आपल्या संगणकावर स्वतंत्रपणे नोंदी ठेवी आणि त्या ठरावीक काळाने केंद्राकडे पाठवी. आता हजाराहून अधिक संस्था एकाच सामायिक विदागारात थेट नोंद करतात. प्रत्येक प्राण्याला एक जागतिक क्रमांक मिळतो आणि तो प्राणी दुसऱ्या देशातील संग्रहालयात गेला तरी क्रमांक तोच राहतो. त्यामुळे जन्म, वजन, स्थलांतर, आजार आणि मृत्यू हे सारे एका सलग चरित्रासारखे वाचता येते.

वैद्यकीय विभाग हा या सेवेचा सर्वांत सकस भाग आहे. निरनिराळ्या संग्रहालयांत एकाच जातीच्या प्राण्यांच्या झालेल्या रक्ततपासण्या एकत्र करून त्यांतून अपेक्षित मूल्यांची मर्यादा काढली जाते आणि ती किती नमुन्यांवरून काढली आहे, हेही दाखवले जाते. नमुन्यांची ही संख्या पाहिल्याशिवाय कोणीही निष्कर्ष काढू नये. भूल देण्यासाठी त्या जातीत कोणती औषधे वापरली गेली, त्यांची मात्रा किती होती आणि प्राणी कसा शुद्धीवर आला, याची एकत्रित माहितीही येथे मिळते. ज्या जातीविषयी छापील ग्रंथांत जेमतेम दोन ओळी सापडतात, त्या जातीच्या प्राण्याला भूल देण्याच्या आदल्या रात्री या माहितीचे मोल किती असते, हे ते काम करणाऱ्यालाच कळते.

तथापि, येथेच मोठी सावधगिरी बाळगावी लागते. ही मूल्ये बंदिवासात नेहमी काय आढळते हे सांगतात, आणि नेहमी आढळणारे सर्वच निरोगी असते असे नाही. बंदिवासातील चित्त्यांत जठराचा दीर्घकालीन दाह आणि मूत्रपिंडाचे विकार इतके सर्रास दिसतात की, सुदृढ मानलेल्या चित्त्यातही विकाराची सुरुवात झालेली असू शकते. काळ्या गेंड्यांच्या शरीरात बंदिवासात लोह साठत जाते, तर जंगलातील गेंड्यांत तसे होत नाही. शिवाय मेडेटोमिडिनसारख्या भुलीच्या औषधाने रक्तातील साखर वाढते. म्हणून नमुना घेताना प्राण्याला कसे आवरले होते, तो उपाशी होता का, हे रकाने कोरे सोडणारा पशुवैद्य पुढच्या प्रत्येक वाचकाचा आकडा थोडा गढूळ करत असतो.

संशोधनासाठी ही सेवा किती सामर्थ्यवान आहे, हे कर्करोगाविषयीच्या २०२२ च्या अभ्यासातून दिसले. त्यात १९१ जातींच्या १,१०,१४८ सस्तन प्राण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कर्करोगाने मरण्याचा धोका शरीराच्या आकारमानाशी किंवा आयुर्मानाशी फारसा निगडित नसून मांसाहारी गणात तो विशेष जास्त आहे, असे त्यातून आढळले. इतके मृत्यू आणि त्यांची कारणे एका ठिकाणी नोंदलेली नसती तर हा प्रश्न विचारताही आला नसता. आयुर्मानाच्या बाबतीत मात्र एका सरासरीवर समाधान मानू नये. ५९ सस्तन जातींची जंगलातील प्राण्यांशी तुलना करणाऱ्या २०१६ च्या अभ्यासात बहुतेक जाती, विशेषतः अल्पायुषी जाती, संग्रहालयांत अधिक जगतात असे दिसले; परंतु २००८ च्या एका स्वतंत्र अभ्यासात युरोपातील संग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचे मध्यक आयुर्मान (ज्या वयापर्यंत निम्म्या मेलेल्या असतात ते) १६.९ वर्षे, तर केनियातील अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात नैसर्गिक कारणांनी मेलेल्या हत्तिणींचे ५६ वर्षे आढळले होते.

वर्तनाच्या बाबतीत ही प्रणाली बरीच तोकडी पडते. मृत्यू ही एका दिवसाची, निःसंदिग्ध घटना असते. अस्वलाच्या येरझारा तशा नसतात. त्या मोजण्यासाठी वर्तनांची आधी व्याख्या केलेली यादी, ठरावीक अंतराने केलेले निरीक्षण आणि शांतपणे बसून राहणारा निरीक्षक लागतो. झिम्समध्ये वर्तनाची नोंद करता येते, पण ती बहुधा काही वेगळे घडले तरच केली जाते. त्यामुळे एखाद्या प्राण्याच्या खात्यात येरझारांचा उल्लेख नाही, यावरून तो येरझारा घालत नाही असे म्हणता येत नाही. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाने तयार केलेले ‘झूमॉनिटर’ हे साधन या कामासाठी अधिक योग्य आहे आणि दोन्ही साधने जोडीने वापरावीत, अशी माझी शिफारस आहे.

प्रणालीचे संगणकावर दिसणारे पडदे दाटीवाटीचे आहेत आणि हात बसायला वेळ लागतो. सदस्यत्व संस्थांना मिळते. बाहेरच्या संशोधकाला माहितीसाठी रीतसर अर्ज करावा लागतो. माहितीचा गैरवापर टाळण्यासाठी हे मला रास्त वाटते.

शरीररचनेच्या अभ्यासकाला मात्र येथे सर्वांत कमी हाती लागते. बंदिवासात वाढलेल्या सिंहांच्या कवट्या जंगली सिंहांपेक्षा रुंद होतात, हे नेड हॉलिस्टर यांनी १९१७ मध्येच दाखवले होते. असा अभ्यास आज करायचा झाला तर कवटीबरोबर त्या प्राण्याचा आहार, वजन आणि आजारपण यांचा इतिहास हवा. तो इतिहास झिम्समध्ये असतो, पण शवविच्छेदनानंतर सांगाडा एखाद्या वस्तुसंग्रहालयात जातो आणि तेथे त्याला नवा क्रमांक मिळतो. दोन्ही क्रमांक एकमेकांशेजारी लिहिण्याची सोय प्रणालीत आहे. नोंद बंद करण्यापूर्वी ते लिहिण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि ते न लिहिल्यास कपाटातील त्या कवटीचे सारे आयुष्य तिच्यापासून कायमचे तुटते.