इल ओ एग्रेत: एका शास्त्रज्ञाची कारकीर्द पायी पाहण्याची फेरी

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, माएबूर गावाजवळ, होडीने काही मिनिटांत गाठता येणाऱ्या सुमारे २६ हेक्टरांच्या या बेटावरची मार्गदर्शकासह फेरी 'मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन' ही संस्था चालवते. समुद्रस्नान आणि खरेदी यांतून अर्धा दिवस काढून ती अवश्य करावी, असे माझे मत आहे.

ज्यांच्या कामाची ओळख ही फेरी करून देते, ते वेल्सचे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स १९७९ साली मॉरिशसमध्ये आले. त्याआधी पाच वर्षे, म्हणजे १९७४ मध्ये, मॉरिशस केस्ट्रेल या लहान शिकारी पक्ष्याचे अवघे चार पक्षी ज्ञात होते. घरट्यातली पहिली अंडी काढून कृत्रिमरीत्या उबवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, आणि रानातल्या जोड्यांना जादा खाद्य पुरवायचे, ही जोन्स यांची पद्धत वरकरणी कोंबडीपालनासारखी वाटते. पण तिनेच ही जात तगली. पुढे मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे आणि ड्यूरेल या वन्यजीव-संवर्धन ट्रस्टचे वैज्ञानिक नेतृत्व करणाऱ्या जोन्स यांना २०१६ मध्ये प्राणी-संवर्धनासाठी दिला जाणारा इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला.

बेटावर आबनुसाच्या सावलीत गुलाबी कबूतर, म्हणजे अशाच प्रयत्नांनी वाचलेला आणखी एक मॉरिशसचा पक्षी, दिसले, तेव्हा या कामाचे मोल खरे उमगले. नामशेष झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी आणलेली हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवे आबनुसाची फळे खाऊन बिया पसरवतात, ही योजना मला सर्वांत विलक्षण वाटली. पक्षी मात्र मागणीनुसार दर्शन देत नाहीत, म्हणून दुर्बीण आणि सवड दोन्ही सोबत ठेवावीत.